छावणीचे भोंगे, उंबऱ्यावरचा आवाज

पोळा होऊन गेला तरी रान तांबडंच आहे. बाजरी गुडघ्याला लागायच्या आत करपली. आभाळ रोज दुपारी काळं होतं, तोंड दाखवतं आणि नदीपलीकडं निघून जातं. काल गावातून एक जीप गेली, टपावर भोंगा बांधलेला. जनावरांची नावं सोसायटीत नोंदवा, छावणी लागणार आहे, असं काहीतरी ओरडत होती. काहीतरी म्हणतो, कारण भोंग्याचं तोंड मागं होतं आणि गाडी पुढं पळत होती. माणसं पुढं, आवाज मागं. धुरळ्याला नोंदणी सांगणं चाललं होतं. मी ओट्यावरून ओरडलो, "अरे, तोंड फिरवा त्याचं!" ड्रायव्हरनं मला हात केला. त्याला वाटलं म्हातारा राम राम घालतोय.

मला लई राग आला. हल्ली कशाचाही येतो. ही असती तर म्हणाली असती, "तुमचा भोंगा हाय का त्यो? मग गप बसा की." ही म्हणजे द्वारका, माझी बायको. गेल्या पौषात गेली. आता गप बसा म्हणणारं कुणी राहिलं नाही, त्यामुळं मी बडबडतो, आणि बडबड ऐकून घेणारंही कुणी नाही.

उभा जन्म माझा भोंगे बांधण्यात गेला. उमापूरच्या आसपासची लग्नं, सप्ते, निवडणुका, कारखान्याच्या सभा. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी शेणकूट करण्यात गेलेली. पण खांबावर चढून चढून एक गोष्ट कळली. आवाज मोठा करायला अक्कल लागत नाही, बटन पिळलं की झालं. आवाज कुठून यावा, हे बसवायला जन्म जातो. माणूस आधी ऐकत नाही, आधी मान वळवतो. मान चुकीकडं वळली की पुढचे शब्द पालथ्या घड्यावर.

छावणीचं नाव ऐकलं आणि तो सगळा उन्हाळा डोळ्यापुढं आला. मागं जो मोठा दुष्काळ पडला त्याचा. गोदावरीच्या पात्रात वाळूवर कुत्री पाय पसरून झोपायची. गावातली ऊसतोडीला गेलेली माणसं कारखाना लवकर बंद पडला म्हणून अर्ध्यातच माघारी आली आणि घराचं कुलूप न काढता जनावरं घेऊन थेट माळावर आली. आमच्या भागातल्या एका सोसायटीनं तिथं छावणी लावली होती. हिरव्या जाळीची आणि पाचटाची छपरं, त्याखाली दावणीच्या रांगाच रांगा. जो ऊस गाळपाला जायचा तो बैलांपुढं पडला. चार दिवस गोड लागला असेल. नंतर ऊस चावून चावून जनावरांच्या जिभा सोलल्या, तोंडाला फेस येऊन ती नुसती उभी राहायची. सगळ्या माळाला गोडूस, आंबूस वास. उसाच्या चोयट्यांचा, शेणाचा, तापलेल्या पत्र्याचा. अजूनही कुठं रसाचं गुऱ्हाळ लागलं की मला रस प्यावासा वाटत नाही. माळ आठवतो.

पण पहाट चांगली असायची. ऊन वर यायच्या आधी जनावरं उठायची आणि गळ्यातल्या घंटा वाजायच्या. हजार घंटा म्हणा. डोळे मिटून पडलं तरी कळायचं, ही माझ्या जुन्या जोडीदाराच्या, महादूच्या खिल्लारीची, तिकडं टोकाला. ही कुण्या म्हशीची फुटकी घंटा, जाळीजवळची. हे वासरू दावं सोडून इकडं यायलंय. एवढे आवाज, पण एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात नाही. ज्याचा आवाज त्याच्या गळ्यात, आणि गळा जिथं आहे तिथंच. मला वाटायचं, देवानं काय बसवलंय हे. मग दिवस उजाडायचा आणि माझे भोंगे सुरू व्हायचे.

भोंगे लावायची सुपारी मला सोसायटीनं दिली होती. मी चेअरमनला म्हणालो, "साहेब, मधोमध एक उंच खांब रोवू. त्याच्यावर चार भोंगे, एकमेकाला पाठ लावून, चार दिशेला. जवळच्याला मोठं लागंल, लांबच्याला बारीक, पण शब्द एकच जाईल."

तिथं डायरेक्टर मंडळी खुर्च्या टाकून बसली होती. एक म्हणाला, "आन माझ्या गावची जनावरं वढ्याकडच्या कोपऱ्याला हायेत, त्यांचं काय? तिकडं भोंगा दिसला न्हाई तर लोक म्हणतील, आपला डायरेक्टर झोपला."

दुसरा लगेच म्हणाला, "मंग आमचा कोपरा काय सावत्र हाय का?"

आमच्याकडं भोंगा हा ऐकायचा कमी आणि मिरवायचा जास्त. ज्याच्या दारावर भोंगा त्याची वट. चेअरमननं मधला मार्ग काढला. "चारी कोपऱ्याला चार लाव तात्या. तोंडं आतल्या अंगाला कर. सगळ्यांचा मान राहतो."

मान राहिला. अर्थ गेला.

नदीवर लांब कुणी धुणं आपटत असलं की बघा. हात आधी खाली येतो, धप्प आवाज मागून येतो. नदीत पाणी असलं तर बघा. आवाजालाही चालत यावं लागतं. चार कोपऱ्यांतून एकदम बोललं तर मधल्या माणसापाशी चौघं वेगवेगळ्या वेळेला पोचतात. पहिल्या दिवशी चेअरमन माईकवर म्हणाले, "आपली सोसायटी." मधल्या रांगेत ऐकू गेलं, सोसायटी-सायटी-यटी-टी. पुढचा शब्द निघेपर्यंत मागच्याचं शेपूट संपेना.

मी पत्र्याच्या शेडमध्ये मशीनपाशी. जो मशीनपाशी बसतो त्याला बाहेर काय ऐकू येतं ते कधीच कळत नाही, या धंद्याची हीच मोठी गंमत. म्हणून द्वारका माझे कान व्हायची. लग्न झाल्यापासून हेच. मी माईकवर "हॅलो, हॅलो" म्हणायचं आणि हिनं मांडवभर फिरायचं. डोक्यावर पदर घेतला की बरोबर. पदर खोचला की कमी करा. तळहात कानाला लावला की काही कळेना. त्या दिवशी ती छावणीच्या मधोमध गेली, चारी बाजूंना फिरली आणि दोन्ही कानांवर दोन्ही हात ठेवून तशीच शेडकडं आली.

"काय झालं?" मी म्हणालो.

"तितं चार चेअरमन हायेत," ती म्हणाली, "आन चौघं बी एकमेकाशी भांडायलेत."

तिसऱ्या का चौथ्या दिवशी टँकर आला. पश्चिमेच्या फाटकाला लागला होता. मी माईकवर नीट, सावकाश सांगितलं, टँकर फाटकाला लागलाय, भांडी घेऊन या. झालं. "टँकर" एवढंच लोकांना कळलं, आणि ज्याला जो भोंगा जवळ त्याला वाटलं टँकर तिकडंच. माणसाचा कान असाच आहे. जो आवाज आधी पोचला, त्यातच बोलणारा उभा आहे असं त्याला वाटतं. बाया घागरी घेऊन वढ्याकडं पळाल्या, गडी जाळीकडं पळाले, पळणारी माणसं मधोमध एकमेकावर आदळली. गुरं बुजली. त्यांना तर चारी बाजूंनी कुणीतरी ओरडत अंगावर आल्यासारखं झालं असेल. पळावं तर कुठं, म्हणून ती जागच्या जागी गरगर फिरली, दावी पिळली, खुंटे उपटले. महादू फुटकी बादली घेऊन शेडच्या दारात आला.

"तात्या," तो म्हणाला, "तुझा टँकर कुठल्या भोंग्यात हाय बे? सांग, त्याच्याखाली बादली लावतो."

सगळी हसली. मीच काय तो हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता मी चारी भोंगे उतरवले आणि मधोमध उभ्या असलेल्या लाकडी बल्लीवर एकत्र बांधले. माईकवर नुसता खाकरलो. काय सांगू, सगळ्या माळाच्या माना एका जागी वळल्या. माणसांच्या तर वळल्याच, गायी-बैलांच्याही वळल्या. ऊस तोंडात तसाच. द्वारका टोकाला उभी होती. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि वर नमस्कार केला, मला का बल्लीला ते ठाऊक नाही. अर्धा दिवस ते सुख टिकलं. दुपारी वढ्याकडच्या डायरेक्टरची जीप आली.

"आमच्या कोपऱ्याचा भोंगा कावून काढला बे?"

परत चढलो. परत चार कोपरे. मग मी नाद सोडला. तिनं सोडला नाही. टँकर आला की ती बैलगाडीच्या साट्यावर उभी राहायची आणि ज्या अंगाला टँकर असेल तिकडं हात लांब करायची. लोक हुशार झाले. भोंगा किंचाळला की कान बंद करायचे आणि गाडीकडं बघायचे. माझे भोंगे दिवसभर बोंबलत राहिले आणि छावणीनं माझ्या बायकोच्या हाताकडं बघून पाणी भरलं. मला याचाही राग यायचा. ती म्हणायची, "रागावता कावून? आवाज तुमचा, हात माझा. लोकांच्या घागरी भरल्या ना?"

त्याच उन्हाळ्यात डाव्या कानात शिट्टी सुरू झाली. रोज खांबावर, भोंग्याच्या तोंडाशी. पाऊस पडला, छावणी उठली, जनावरं घरी गेली, शिट्टी काही गेली नाही. मग हळूहळू शिट्टीही ऐकू येईना, तेव्हा कळलं की कानच गेला. मी घरात बोललो नाही. पण काही दिवसांनी ध्यानात आलं, बाजाराला जाताना ही माझ्या उजव्या अंगानं चालायला लागली होती. आमच्याकडं बायको नवऱ्याच्या दोन पावलं मागं चालते. लोक हसायचे. ती उजवीकडूनच चालायची. काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही.

एक कान गेला की आवाज जात नाही, दिशा जाते. हे ज्याचं गेलं त्यालाच कळतं. हाक येते, पण कुठून ते समजत नाही. मग माणूस भोवऱ्यासारखा फिरतो, छावणीतल्या त्या जनावरांसारखा. भोंगेवाल्याला हे व्हावं! पण ती होती तोवर माझं अडलं नाही. कारण ती कुठं असणार ते मला कानाशिवाय ठाऊक होतं. माजघरातून स्वयंपाकघरात जायचा उंबरा, तिथं. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात. माझ्या आईनं तिला हजारदा सांगितलं. तिनं जन्मभर ऐकलं नाही. एक पाय आत, एक पाय बाहेर, मांडीवर सूप. तिथून तिला चुलीवरचं दूध दिसायचं, अंगण दिसायचं आणि ओट्यावर बसलेला मी दिसायचो. सगळ्या घराला तिथूनच हाका.

सुदाम, माझा मुलगा, हाच धंदा करतो, गेवराईत, रोज जाऊन येऊन. त्याच्याकडं आता भोंगे नाहीत. उभ्या बॉक्सच्या माळा आहेत, वर बांधून खाली सोडायच्या. यंदाच्या छावणीचं कामही त्यालाच मिळतंय. परवा रात्री घरी आला तेव्हा म्हणाला, "आबा, आता भांडण मिटलं. लांबच्या बॉक्सला मशीनमधून उशीर घालता येतो. पुढचा आवाज चालत तिथं पोचला की मंग मागचा बॉक्स बोलतो. ऐकणाराला वाटतं, पुढचाच माणूस बोलतोय." मी म्हणालो, "म्हणजे कोपऱ्याला भोंगा बी ऱ्हाईल आन मान बी?" तो हसला. मला मात्र तेव्हाच ते सुचलं, आणि एकदा सुचलं की मला चैन पडत नाही.

सुदामच्या फोनमध्ये तिचा एक निरोप आहे. जायच्या आधीच्या दिवाळीत तिनं बोलून धाडलेला. एवढाच: "सुदाम, आरं कुठवर आलास? तुझे आबा जेवले न्हाईत आजून. ओट्यावर बसून आभाळाला शिव्या द्यायलेत. ये बाबा लवकर." मग फोन हातातच विसरून मागं वळलेली, मोठ्यानं: "मंगल! अगं मंगल, दूध बघ, उतू चाललं!" आणि बंद. मंगल म्हणजे आमची सून, हिला आत्या म्हणायची.

मी म्हणालो, "सुदाम, हे मला उंबऱ्यावरून ऐकायचंय. तिच्या जागेवरून. तुझ्या मशीनला जमतं का बघ."

त्यानं आधी घरासाठी आणलेला पाच बॉक्सचा संच माजघरात मांडला. पुढं तीन, मागं दोन. लावलं. द्वारका सगळीकडून बोलायला लागली. पुढून, मागून, फडताळातून, देव्हाऱ्यातून. मला कसंसंच झालं. ती कधी अशी नव्हती. एका वेळी एकाच जागी असायची, आणि तिथून हलायचीही नाही, म्हणून तर भांडणं व्हायची.

"सगळीकडं हाय म्हणजे कुठंच न्हाई," मी म्हणालो. "काढ ते."

मग त्यानं दोनच ठेवले, स्वयंपाकघराच्या दाराच्या दोन अंगांना. दोन्हींतून सारखाच आवाज सोडला. "आता मधी बसा, आबा. हितं, सतरंजीवर. डोळे मिटा." आधी तो स्वतः बसला. निरोप वाजला आणि त्याचा चेहराच बदलला. "आबा," तो हळू म्हणाला, "आई दारात बसलीय." बोट केलं त्यानं. दोन बॉक्सच्या मधोमध, जिथं काहीच नव्हतं, तिथं. मग जरासा बाजूला सरकला आणि म्हणाला, "हां, सरकलं की मोडतं. आवाज जवळच्या बॉक्समधी पळतो. तुमी हलू नका."

मी बसलो. दगडासारखा बसलो.

"आली का?"

"उजवीकडच्या बॉक्समधी हाय."

त्यानं उजवा कमी केला. "आता?"

"उजवीकडंच. बारीक."

उशीर घातला, उशीर काढला, डावा वाढवला. पोरगं गुडघ्यावर रांगत बॉक्स बोटबोटभर सरकवत होतं. आता? उजवीकडं. आता? उजवीकडं. घाम आला त्याला.

"आबा, तुमी मुद्दाम तर..."

"मुद्दाम कावून करीन बे?" मी ओरडलो. "माझी बायको हाय ती!"

त्यानं हातातला बॉक्स सोडला. मग खाली बघत म्हणाला, "हे दोन कानांचं तराजू हाय आबा. दोन्ही पारडी लागतात." त्याला माझा कान ठाऊक होता. पण घरातलं म्हातारपण रोज दिसतं, म्हणून ध्यानात राहत नाही.

म्हणजे माझी बायको दारात बसलेली पोराला ऐकू येते, आणि मला येत नाही. सगळी तार, सगळे खांब, उभा जन्म, आणि शेवटी हे. मला त्या बॉक्सांवर धोंडा घालावासा वाटला. त्या चार कोपऱ्यांवर, त्या डायरेक्टरवर, ज्याचा मान ठेवायला मी खांबाला चिकटून राहिलो त्याच्यावर. तो तर कधीच वारला. मेलेल्या माणसावर रागवायचं म्हणजे परत आभाळाला शिव्या देणंच.

"सगळं काढ," मी म्हणालो. "एक ल्हान बॉक्स ठेव. उंबऱ्यावरच ठेव. तेलाचा डबा पालथा घाल आन त्याच्यावर, बसल्यावर तिचं तोंड जितं यायचं तितं. उशीर न्हाई, फिशीर न्हाई. आवाज बोलण्याएवढाच."

"ते काय लावणं झालं, आबा?"

"घंटा गळ्यात बांधत्यात बाबा, कोपऱ्याला न्हाई. ठेव."

त्यानं ठेवलं. माझ्यासाठी काही फरक पडणार नव्हता हे मलाही कळत होतं. बॉक्स दिसतोय म्हणून तिथं आहे म्हणायचं, एवढंच. बाहेर नुकताच पाण्याचा टँकर येऊन गेला होता. मंगल अंगणात टिपाडातलं पाणी घागरीत भरून आत आणायची तयारी करत होती. आमचा आत काय कारभार चाललाय हे तिला ठाऊक नव्हतं. सुदामनं बटन दाबलं.

"सुदाम, आरं कुठवर आलास?" मला उजवीकडून. "ये बाबा लवकर." उजवीकडून. "मंगल! अगं मंगल, दूध बघ, उतू चाललं!"

"आले आत्या!"

अंगणात घागर आपटल्याचा आवाज झाला. मंगल ओल्या हातांनी पळत माजघरात आली. आमच्याकडं तिनं बघितलंही नाही. उंबऱ्यापाशी आली, एका हातानं साडी आवरून धरली आणि अंग चोरून, भिंतीला खेटून, एका अंगानं आत गेली. बसलेल्या माणसाला पाय लागू नये म्हणून इतकी वर्षं जात होती, तशी. शेगडीपर्यंत गेली, दुधाच्या पातेल्याकडं हात केला आणि थांबली. पातेलं नव्हतं. शेगडी थंड. पाठमोरी तशीच उभी राहिली.

 सुदामचा हात बटनावर होता. मी उंबऱ्याकडं बघत होतो. ती तिथं किती जागा अडवून बसली होती, गुडघा कुठवर यायचा, सूप कुठं, सगळं मंगल ज्या अंगानं वळली त्यात मला नीट दिसलं.

"आबा," मंगल तिकडं तोंड करूनच म्हणाली, "सांगायचं तरी व्हतं."

"सांगितलं असतं तर तू उंबऱ्यावरून सरळ गेली असतीस पोरी."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "परत लावू नका," म्हणाली.

"न्हाई लावत. झालं माझं काम."

सुदामनं बॉक्स उचलला, डबा उचलला, वायर गुंडाळली. उंबरा मोकळा झाला. बाहेर घागर आडवी पडली होती, पाणी मातीत जिरायलं होतं. मंगल ती उचलायला निघाली. मोकळ्या उंबऱ्यापाशी आली, साडी धरली आणि परत तशीच, भिंतीला खेटून, बाहेर गेली.